रोमीची शिकवणी

मंगळवारी संध्याकाळी मॅक्सीन स्टॅदर्स हातात ट्रे घेऊन पुढच्या खोलीच्या बंद दारापाशी आली आणि नेमकी तेव्हाच आत रोमी हसली. हसली म्हणजे पोटातून, मोठ्यांदा, शेवटी श्वास अडकून खोकला यावा अशी. मॅक्सीन जागच्या जागी थांबली. ट्रेमध्ये दोन कप चहा होता, हॅम घातलेले पाव होते आणि रोमीला आवडतात म्हणून चॉकलेटची बिस्किटं होती. रोमीला या घरात येऊन दोन वर्षं होत आली होती. दोन वर्षांत ती हसलीच नव्हती असं नाही. टीव्ही बघताना हसायची, मॅक्सीनचा नवरा ट्रेव जेवताना जे शिळे विनोद करायचा त्यांनाही हसायची, कोणी फोटो काढला तर दात दाखवायची. पण ते सगळं हसणं पाहुण्यांचं होतं, हे मॅक्सीनला आत्ता, दाराबाहेर उभं राहून कळलं. दुसऱ्याच्या घरी जेवण अळणी असलं तरी माणूस छान आहे म्हणतो, तसलं. आतून इमजनचा आवाज आला, ‘‘अगं, तुझ्या उत्तराप्रमाणे या बाईला पावणेदोन पाय आहेत!’’ त्यावर रोमी म्हणाली, ‘‘मग लंगडू दे की तिला!’’ आणि पुन्हा दोघी फुटल्या. स्वतःच्या घरात, स्वतः रंग दिलेल्या दारावर टकटक करावी की नाही, हा प्रश्न मॅक्सीनला पडला. तिने टकटक केली. आतलं हसणं लगेच आवरलं गेलं. ‘‘थँक्यू, मॅक्सीन,’’ रोमी तिच्या नेहमीच्या नीटनेटक्या आवाजात म्हणाली. इमजन धडपडत उठून ट्रे घ्यायला आली, ‘‘किती करता हो तुम्ही आमच्यासाठी!’’ आमच्यासाठी. मॅक्सीन म्हणाली, ‘‘त्यात काय एवढं,’’ आणि ट्रे जरा जोरातच ठेवून बाहेर आली.

स्वयंपाकघरात येऊन तिने ओटा पुसला. तो पुसलेलाच होता. पोटात दुखतंय, हे तिला कळत होतं, आणि कशाने दुखतंय तेही. इमजनमध्ये काही खोट असती तर बरं झालं असतं. हेवा करायला समोरच्यात काहीतरी खोट लागते, नाहीतर सगळी खोट आपल्याकडेच उरते. पण पोरगी गुणाची होती. चोविसेक वर्षांची, दक्षिणेकडच्या कुठल्याशा पैसेवाल्या गावातली, इथे हल शहरातल्या विद्यापीठात शिकत असलेली. पावसातही सायकलवरून यायची, दारात बूट काढायची, मोजे भोकाचे. ऑक्टोबरपासून आठवड्यातून दोनदा येत होती, आणि तिचे पैसे सरकारातून येत. रोमीसारख्या, आईबापांकडून काढून कौन्सिलने दुसऱ्यांच्या घरी ठेवलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी वेगळे पैसे असतात. ते सांभाळणाऱ्या बाईच्या हातात येत नाहीत. शाळेकडे जातात, आणि वर लक्ष ठेवायला कौन्सिलचं एक ऑफिस असतं. त्या ऑफिसलाही म्हणतात शाळाच. हेडमास्तर आहे, पोरं आहेत, पण इमारत नाही की घंटा नाही. पाच शाळा बदललेल्या रोमीचं गणित पार बुडालेलं, म्हणून त्या पैशातून इमजन आली. चांगलंच झालं, असं मॅक्सीन तेव्हा सगळ्यांना सांगत फिरली होती. खरं म्हणजे तेव्हाही एक बारीक काटा रुतला होता. तिची स्वतःची मुलगी केरी गणितात दोनदा नापास झाली, आणि शेवटी कॅरव्हॅनच्या कारखान्यात पडदे शिवायला लागली. केरीसाठी कोणी सायकलवरून आलं नव्हतं. पण तो काटा जुना होता, सवयीचा होता. आजचं दुखणं वेगळं होतं. रोमी पहिल्यांदा आली तेव्हा कोट न काढता झोपायची. मॅक्सीनने महिनाभर तिला कोट काढ म्हटलं नाही, रोज रात्री नुसता हॉलमधला दिवा चालू ठेवला. अंथरूण ओलं झालं तर न बोलता चादर बदलली. पावाची कड खात नाही, वाटाणा भाताला लागलेला चालत नाही, सरप्राइज आवडत नाही, हे एकेक करून शोधून काढलं. एवढी जमीन आपण नांगरली आणि ही बया आयत्या बिळावर नागोबा होऊन बसली, असं तिला वाटलं. असं वाटल्याची लाज वाटली, आणि लाज वाटूनही ते वाटणं काही कमी झालं नाही.

दाराबाहेर असं उभं राहणं तिला नवीन नव्हतं. हेसल रोडच्या गल्लीत ती लहानाची मोठी झाली, तेव्हा तिचा बाप मासेमारीच्या ट्रॉलरवर होता. तीन आठवडे उत्तरेला बर्फातल्या समुद्रावर, आणि मग तीन दिवस घरी. त्या तीन दिवसांत तो राजा असायचा. नवा सूट, टॅक्सी, गल्लीतल्या सगळ्या पोरांना सुट्टे पैसे. शेजारची जॅनिस त्याच्या गुडघ्यावर चढून बसायची, त्याच्या मिशा ओढायची, आणि तो तिला कॉड माशाच्या पोटात सापडलेल्या बुटाची गोष्ट सांगून गडगडाटी हसायचा. मॅक्सीन दारात उभी. तिच्याकडे वळला की तो एकदम सभ्य व्हायचा. ‘‘काय मग, शाळा बरी चाललीय?’’ असं दूरच्या पाहुण्याच्या पोरीला विचारावं तसं विचारायचा, आणि ती म्हणायची, हो बाबा. पुढे कितीतरी वर्षं तिला वाटायचं की जॅनिसमध्ये काहीतरी आहे जे आपल्यात नाही. बाप जायचा त्या दिवशी आई धुणं धुवायची नाही. धुतलं तर माणूस वाहून जातो म्हणत. हात हलवून निरोपही द्यायचा नाही, लाट बोलावल्यासारखं होतं. बाप वाहून गेला नाही, मासेमारी बंद पडल्यावर घरीच बसून दारूने गेला. पण मॅक्सीन अजून महत्त्वाच्या दिवशी धुणं लावत नाही. ट्रेव चेष्टा करतो, ‘‘मशीन आहे बाई माझी, त्यात कोण वाहून जाणार? माझा पायमोजा?’’

गुरुवारी तिने धुणं लावलं नाही, कारण गुरुवारी पेप होता. दर सत्राला शाळेत होणाऱ्या मीटिंगला सगळे पेप म्हणतात. रोमीचं शिक्षण कसं चाललंय आणि तिच्यासाठीच्या पैशांचं पुढे काय करायचं, हे तिथे ठरतं. आधी मोठी माणसं बोलतात, मग पोराला वर्गातून बोलावतात. बोलावलं की सगळ्या वर्गाला कळतं कोणाला आणि का. शाळेत अशा मुलांचं बघणारे पॅशली सर होते, उंच, शर्टाच्या खिशाला शाई लागलेली. रोमीची सोशल वर्कर नदीन दुसऱ्या एका घरातलं भांडण मिटवून थेट आली होती आणि कोट न काढताच बसली होती. पॅशली सरांनी आधी सगळं चांगलं चांगलं सांगितलं, ती पद्धतच आहे. हजेरी उत्तम. वागणूक उत्तम. गणितात तर कमालच. मेमध्ये परीक्षा देऊन रोमी चौथ्या गटातून एकदम दुसऱ्या गटात जाऊ शकेल, आणि दुसऱ्या गटात गेली तरच पुढे गणिताचा मोठा, वरच्या पातळीचा पेपर देता येईल. ‘‘इमजनला सगळं श्रेय,’’ सर म्हणाले. मॅक्सीनने मान डोलावली. इथवर ठीक होतं. मग सर हसून म्हणाले, ‘‘आणि तिच्या पायलट होण्याबद्दल तर तुम्हाला माहीतच असेल.’’

‘‘विमानाच्या?’’ नदीनने विचारलं.

‘‘नाही नाही. हंबरच्या. जहाजं समुद्रातून नदीत आणतात ना, ते पायलट. त्यासाठी गणित लागतं हे तिला कुठूनसं कळलं. इमजनला तिने पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं म्हणे. दोघी मिळून नदीचे नकाशे बघतात.’’

‘‘हो तर,’’ मॅक्सीन म्हणाली. ‘‘माहितीये.’’

तिला काडीचंही माहीत नव्हतं. मोठी होऊन काय होणार, हे तिने रोमीला किती वेळा विचारलं असेल. भांडी पुसताना, गाडीत, वाढदिवसाच्या दिवशी. दर वेळी उत्तर एकच, ‘‘बघू.’’ आणि नदी कोणाची? इथे येईपर्यंत जिने हंबर पाहिलीही नव्हती त्या बाईला पोरीने हंबरचं सांगितलं! मॅक्सीनच्या बापाला त्या नदीचा तळ पाठ होता. तो म्हणायचा, हिच्यावर विश्वास ठेवू नका, पंधरा दिवसांत वाळू जागा बदलते, काल जिथून गेलात तिथे आज रुताल. तिने रोमीला धक्क्यावर नेलं असतं, जुने खलाशी दाखवले असते, कुठलं जहाज कुठून आलं ते सांगितलं असतं. तिला सांगण्यासारखं आयुष्यात एवढं एकच होतं आणि ते तिला कोणी विचारलं नाही. ‘‘घरी कसं काय वाटतंय?’’ नदीन विचारत होती. ‘‘सांभाळणारी म्हणून तुला काय वाटतं? शिकवणी वाढवायची का पुढे?’’

या कामात एक शब्द असा आहे की तो जपून वापरायचा असतो. मॅक्सीनला तो पहिल्या वर्षी कळला. रोमी तेव्हा दर पंधरवड्याला आईला भेटायला जायची आणि परत आली की रात्रभर दात खायची. मॅक्सीनने जे दिसलं ते सांगितलं, ‘‘भेटीनंतर ती अस्वस्थ होते.’’ खरंच होत होती. पण तो शब्द कोणाच्या तरी टायपिंगमध्ये गेला, वर गेला, आणि बघता बघता भेटी वर्षातून तीनवर आल्या. आरडाओरडा करून, रडून, वकील लावून जे होत नाही ते त्या शब्दाने होतं, शांतपणे, कोणावर आळ न येता. तेव्हापासून मॅक्सीन तो शब्द तोंडात येऊ देत नव्हती.

‘‘शिकवणीनंतर ती जरा अस्वस्थ होते,’’ मॅक्सीन म्हणाली.

खोलीत सगळे एकदम मऊ झाले. पॅशली सरांची बोटं टाइप करायला लागली. नदीनने पुढे वाकून विचारलं, कशी म्हणजे? मॅक्सीन म्हणाली, गप्प होते, आपल्यातच असते. हे खोटं नव्हतं. रोमी नेहमीच आपल्यात असायची. ‘‘पण तिची प्रगती बघता...’’ असं सर म्हणायला गेले, तर नदीनने हात वर केला. ‘‘सर, घर टिकणं सगळ्यात आधी. गणित नंतर. पैसे तेच राहतील, दुसरीकडे वळवू.’’ लॅपटॉपवर एक कार्यक्रम होता, त्यात घुबड गणित शिकवतं. मग मॅक्सीनने स्वतःहून म्हटलं, मी बसेन की तिच्याजवळ. ‘‘किती छान,’’ नदीन म्हणाली, आणि तिचे डोळे खरोखर भरून आले. मॅक्सीनला आपण काय केलं ते कळत होतं. तिला थांबवता आलं असतं. पण पुढच्या खोलीचं दार उघडं, आणि आत आपण आणि रोमी, असं काहीतरी तिच्या डोळ्यांपुढे आलं होतं, आणि ते सोडवेना.

रोमीला बोलावलं. ती खुर्चीच्या टोकावर बसली, हात मांडीवर. पॅशली सरांनी सुरुवात केली, अडखळले. मग नदीनच म्हणाली, ‘‘रोमी, मॅक्सीनला वाटतंय की शिकवणीनंतर तू थोडी अस्वस्थ होतेस. खरंय का गं? काहीही सांग, कोणी रागावणार नाही.’’

रोमीने मॅक्सीनकडे पाहिलं. रागाने नाही, दुःखानेही नाही. रस्ता ओलांडण्याआधी दोन्हीकडे बघावं तसं पाहिलं, आणि मग नदीनकडे वळून म्हणाली, ‘‘हो. होते जरा. डोकं जड होतं. मग झोप लागत नाही.’’

झोपेचं मॅक्सीन बोललीच नव्हती. ते रोमीने पदरचं घातलं.

‘‘नक्की ना?’’ पॅशली सरांनी विचारलं. ‘‘मेमध्ये परीक्षा आहे, बेटा. इमजन असती तर—’’

‘‘चालेल मला लॅपटॉपवरचं. थँक्यू, सर.’’

आणि मॅक्सीनला आनंद झाला. हे नंतर तिला स्वतःला सांगतानाही कठीण गेलं, पण झाला. पोरगी आपल्या बाजूने बोलली. चार लोकांत, इमजनला सोडून, आपल्या बाजूने. कॉरिडॉरमधून बाहेर पडेपर्यंत, भिंतीवरची पोरांची चित्रं मागे टाकेपर्यंत तो आनंद टिकला. गाडीत बसताना रोमीने पट्टा लावला आणि विचारलं, ‘‘संध्याकाळी खायला काय आहे?’’ इतक्या गोड आवाजात विचारलं की मॅक्सीनच्या हातातली किल्ली हातातच राहिली.

‘‘पॅटी आणि चिप्स,’’ ती म्हणाली. ‘‘वर तुझा तो तिखट मसाला.’’

‘‘मस्त.’’

‘‘रोमी, तू खोटं का बोललीस?’’

‘‘तू का बोललीस?’’ रोमीच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं.

समोरून पोरं जात होती, बॅगा आपटत, एकमेकांच्या टोप्या उडवत. मॅक्सीनने त्यांच्याकडे बघत उत्तर दिलं, कारण रोमीकडे बघून ते देता येत नव्हतं. ‘‘माझा जळफळाट व्हायचा,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही दोघी दार लावून बसायच्या. तू तिला नदीचं सांगितलंस. मला नाही सांगितलंस. मी काय, चहा आणणारी.’’

‘‘माहितीये मला.’’

‘‘काय माहितीये?’’

‘‘तुला आवडत नाही ते. ट्रे आपटतेस तू.’’ रोमीने पट्टा अंगठ्याने ताणला आणि सोडला. ‘‘मला सांगायचंस ना. मी दार उघडं ठेवलं असतं. तिला म्हटलं असतं, नको येऊस.’’

‘‘असं कशाला म्हणायचं? तुला ती आवडते.’’

‘‘आवडते,’’ रोमी म्हणाली. ‘‘तिच्यासमोर चुकलं तरी चालतं. ती मला कुठे पाठवणार? ती घरी जाते, मी घरीच असते.’’

दोन वर्षं जिला आपण पोरीचा स्वभाव समजत होतो, ती सभ्यता, ते थँक्यू, ताटात काही न टाकणं, ट्रेवच्या विनोदांना वेळेवर हसणं, ते सगळं पोरगी काम म्हणून करत होती. रोज करत होती, सुट्टी न घेता. मंगळवारी आणि शुक्रवारी तासभर तिला सुट्टी मिळायची आणि ती दार लावून घ्यायची. आणि आपण आपल्या प्रेमाची पावती मागायला नेमक्या त्या दाराशी जाऊन उभ्या राहिलो. मॅक्सीनने काच खाली केली.

‘‘मी आत जाते,’’ ती म्हणाली. ‘‘सांगते त्यांना मी चुकीचं बोलले म्हणून.’’

‘‘नको!’’ रोमीचा आवाज पहिल्यांदाच चढला. तिने मॅक्सीनची बाही धरली. ‘‘नको, मॅक्सीन. तुला नाही कळत. तू असं सांगितलंस की नदीन म्हणणार, दोघी वेगवेगळं बोलतायत. मग घर बघायला येणार. मग परत येणार. मग कोणीतरी म्हणणार, जमत नाहीये बहुतेक. मला याच्याहून साध्या गोष्टींवरून हलवलंय. एकदा तर मांजरीवरून.’’

‘‘तुला कोणी हलवणार नाही.’’

‘‘असंच म्हणतात सगळे,’’ रोमी म्हणाली, समजावून सांगितल्यासारखी. ‘‘शिकवणारी काय, दुसरी मिळेल. आणि नाही मिळाली तर नाही. तू बस माझ्याजवळ. खरंच, मला चालेल. आपण करू गणित.’’

ती करेलही, हे मॅक्सीनला माहीत होतं. रोज संध्याकाळी घुबडासमोर शेजारी बसेल, दार उघडं ठेवेल, उत्तर चुकलं तर सॉरी म्हणेल. मेमध्ये चौथ्याच गटात राहील आणि त्याबद्दल एक शब्द काढणार नाही. पुढेमागे कधी मॅक्सीनने हंबरची गोष्ट काढली तर मन लावून ऐकेल, मधेमधे प्रश्नही विचारेल. मॅक्सीनला हवं होतं ते सगळं तिला मिळणार होतं, पोरीच्या पदरातून. आणि आत जाऊन खरं बोललं तर काय होईल, याबद्दल पोरीचंच बरोबर होतं. नदीन लिहील. सांभाळणारी बाई मुलीच्या शिक्षिकेवर जळते, असं कुठल्यातरी चांगल्या शब्दात लिहील. लोक येऊन बघतील, ट्रेवला विचारतील, मॅक्सीनला वेगळं बसवून विचारतील. पोरगी महिनोन्‌महिने कोट न काढता झोपेल. असं कुठे बोलून टाकायचं असतं का? मूग गिळून बसलं तर कोणाचंही काही बिघडत नव्हतं, एका पोरीच्या गणिताशिवाय.

‘‘बाही सोड, बाळा,’’ ती म्हणाली.

रोमीने सोडली. तिला दोन वर्षांत एकदाही कुठली गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागली नव्हती. ती समोर बघत बसली, हात पुन्हा मांडीवर, आणि तिचा चेहरा मीटिंगमधल्यासारखा सभ्य झाला. तिला काहीतरी वचन द्यावं असं मॅक्सीनच्या तोंडापर्यंत आलं, पण वचनं पोरीला आजवर सगळ्यांनीच दिली होती. मॅक्सीन उतरली. पटांगण रिकामं होत आलं होतं. चालताना काय बोलायचं ते ती जुळवत होती: अस्वस्थ मी होते, पोरगी नाही, शिकवणी चालू ठेवा, आणि माझं काय लिहायचं ते लिहा. गाडीतली नजर तिला पाठीवर जाणवत होती, पण ती वळली नाही. इमजन उद्या सायकल कुंपणाला लावेल, भोकाच्या मोज्यांनी आत जाईल, आणि पोरगी दार लावून घेईल. ते चित्र मॅक्सीनला अजूनही बघवत नव्हतं. तिने ऑफिसच्या दाराची घंटा दाबली, आणि दाबतानासुद्धा तिला इमजनचा हेवा वाटतच होता.